लोणी मागणारा हात

गंगाधरराव पांढरीपांड्यांना लिहायचं होतं ते फक्त अर्धं पान. पुढे जे रामायण, म्हणजे खरं तर भागवत, घडलं त्याला ते अर्धं पानच जबाबदार आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर लोक उगाच नत्थूभैयाला दोष देतात.

झालं असं, की रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या, म्हणजे ब्राह्मणआळीतल्या, कीर्तन मंडळाची स्मरणिका निघायची होती. सगळ्या जाहिराती दाटीवाटीनं बसवूनही अर्धं पान रिकामं राहिलं, आणि मंडळाचे चिटणीस म्हणून ते भरायचं काम गंगाधररावांच्या गळ्यात पडलं. विषय त्यांनी घरचाच घेतला : ‘आमचा बाळकृष्ण : मूर्तीतील चिन्हे व त्यांचा अर्थ’.

हा बाळकृष्ण काशाचा, ओतीव, वीतभर उंच. भोसल्यांच्या फौजेमागून जो कोणी पहिला पांढरीपांडे रायपुरात येऊन टेकला, त्याच्या पडशीतून आलेला. पिढ्यान् पिढ्यांच्या चंदनानं आणि चिंचेनं झिजून त्याचे नाकडोळे चोखलेल्या खडीसाखरेसारखे गुळगुळीत झालेले. दुसऱ्यांचे बाळकृष्ण रांगतात, हा बसलेला. एक पाय मुडपलेला, एक खाली सोडलेला. ‘रांगून रांगून दमला आणि बसला,’ असा घरचा खुलासा होता. डाव्या हातात लोण्याचा गोळा. उजवा हात पुढे केलेला, तळवा उघडा. ‘एक गोळा मिळाला तरी आणखी मागून राहिला, लबाड!’ हाही घरचाच खुलासा. तो सांगताना गंगाधररावांचा आवाज दरवेळी जरा ओला व्हायचा.

आवाज ओला होणं हा त्यांचा स्वभावच. वीज खात्यात सारी हयात गेली, पण जीव कीर्तनात. बुवा उभे राहिले, झांज वाजली, की गंगाधरराव पहिल्या रांगेत. बाहेरगावच्या बुवांनी तर त्यांचा धसकाच घेतलेला. करुण प्रसंग अजून दोन वळणं लांब असायचा आणि पहिल्या रांगेतून हुंदका यायचा. कथा कुठे चालली आहे हे त्यांना बुवांच्या आधी ठाऊक असे. गोकुळाष्टमीला मात्र पाळणा म्हणायचा मान कोण्या बुवांना नाही. तो घरचा, गंगाधररावांचा. गळा बेताचाच, पण डोळे मिटून ते पाळणा म्हणू लागले की पाऱ्यातली कडेवरची पोरं खरोखर झोपत. एवढा एक मान आयुष्यात त्यांनी कमावला होता.

तर अर्ध्या पानाचा मजकूर त्यांनी ओसरीवर बसून शेजारच्या नत्थूभैयाला वाचून दाखवला. नत्थू साहूचं लोखंडाचं दुकान, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीतला धोका त्याला सर्वांआधी दिसतो.

“कितनी पुरानी बताए, काका?”

“तीनशे साल तो होगी.”

“अउ रजिस्ट्रेशन?”

“भगवान का?”

“मूर्ति का! सौ साल से ऊपर की मूर्ति सरकार में लिखानी पड़ती है. नहीं लिखाए अउ किताब में छपवा रहे हो? अपने हाथ से सबूत दे रहे हो, काका!”

गंगाधररावांनी जन्मात कधी विजेचं बिल एक दिवस उशिरा भरलेलं नाही. रात्री त्यांना आपण बाळकृष्णासह कोठडीत बसलो आहोत आणि हवालदार लोणी देत नाही, असं स्वप्न पडलं. सकाळी ते कचेरीत हजर झाले. कचेरी कोणती ते विचारू नका, कारण ती पहिली नव्हतीच. पहिलीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं जेवणानंतर या म्हटलं, आणि जेवणानंतर तिसरीत बसलेले साहेब भले गृहस्थ निघाले. त्यांनी पाणी पाजलं आणि सांगितलं, “चारों तरफ से फोटो लगेंगे. बिना कपड़ों के.”

गंगाधररावांनी पेला खाली ठेवला. “साहब, भगवान हैं वो.”

“हव, तो भगवान का ही तो फोटो चाहिए. झबले का थोड़े न चाहिए.”

हा अपमान त्यांनी देवापर्यंत पोचू दिला नाही. घरी आल्यावर देवघराचं दार लोटून घेतलं, बाळकृष्णाची आधी क्षमा मागितली आणि मग अंगडं-टोपडं उतरवलं. म्हणजे रोजच्या अभिषेकाला उतरतंच. पण सोवळ्यात चष्मा नाही हा वडिलांचा दंडक, आणि भाव दाटून आल्यामुळे डोळे तसेही मिटलेले. देवाला त्यांनी आजवर हातानंच पाहिलं होतं म्हणा ना.

फोटो काढायला बोलावलं इरावतीला. ही वरच्या मजल्यावरची भाडेकरू, पुण्याची, नवा रायपूरच्या कुठल्याशा संस्थेत जुन्या मूर्तींचाच अभ्यास करणारी. मुलगी गुणी. तिनं चार बाजूंनी फोटो घेतले, पाचवा जरा जवळून घेतला, मग मोबाइल खाली ठेवला.

“काका, तुम्ही यांना काय म्हणता?”

“म्हणतो म्हणजे? बाळकृष्ण!”

“चष्मा लावता का जरा?”

सोवळं नव्हतं, तेव्हा लावला. इरावती बोट न टेकवता एकेक दाखवत गेली. छातीवरून गेलेला हा पट्टा पाहा, बाळाला असा बांधत नाहीत. डोक्यावर जावळ नाही, मानेवर रुळणारा अंबाडा आहे. एक पाय मुडपून एक सोडून बसणं हे दमणं नव्हे, ते ऐसपैस, सुखानं बसणं आहे. राणी बसते तसं.

“आणि लोणी?” गंगाधररावांनी क्षीण आवाजात विचारलं.

“लोणी इतकं खडबडीत नसतं. हे म्हाळुंग आहे. लिंबाच्या जातीचं मोठं फळ, आत बियाच बिया. साऱ्या सृष्टीचं बीज तिच्या मुठीत, असा त्याचा अर्थ.”

‘तिच्या’ हा शब्द खोलीत पडला आणि तिथेच राहिला.

“काका, ही देवी आहे. आणि हा हात मागत नाहीये. तळवा आपल्याकडे, बोटं खाली. ही वरदमुद्रा. ती देतेय.”

गंगाधरराव पाटावर बसले. एवढी वर्षं त्यांची या मूर्तीशी जी गट्टी होती ती याच गोष्टीवर : तोही मागणारा, मीही मागणारा. मुलाच्या नोकरीच्या वेळी, पत्नी मीराबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी, ते समोर बसून म्हणत, ‘तू लोणी माग, मी माझं मागतो, पाहू कोणाले आधी मिळते.’ आणि समोरून ती मुकाट्यानं देऊन राहिली होती!

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन बातमी सांगितली. मीराबाई वरणाला फोडणी देत होत्या.

“अहो, आपला बाळकृष्ण देवी निघाला!”

“हं,” मीराबाई म्हणाल्या. “हळद द्या जरा.”

बायकांना कशाचंच काही वाटत नाही, अशी नोंद मनात करून गंगाधरराव ओसरीवर आले, आणि तिथं त्यांच्या पायाखालची फरशी सरकली. कारण आजोबा आणि आजोबांचे थोरले भाऊ वेगळे झाले तेव्हा भांड्यांबरोबर देवही वाटले गेले होते. थोरल्या घराकडे देवी आणि नवरात्र, धाकट्या घराकडे बाळकृष्ण आणि अष्टमी. वाटणीच्या दिवशी दोन्ही मूर्ती एकाच परातीत चिंचेनं घासून, नवे कपडे घालून ठेवल्या होत्या, असं आजी सांगायची. आता कळलं की त्या परातीत काय झालं असेल. आणि ही जर देवी, तर ती थोरल्या घरची. म्हणजे दत्तोपंतांची!

दत्तोपंत हे थोरल्या घरचे चुलतभाऊ, तेलीबांध्याला तलावाजवळ लिफ्टच्या इमारतीत राहणारे, बँकेतून निवृत्त. दोन घरांत भांडण नव्हतं, पण नवरात्राला हे जेवून यायचे आणि अष्टमीला ते प्रसाद ‘पाठवून द्या’ म्हणायचे, इतपत सख्य होतं. अष्टमी तोंडावर आलेली, नागपूरहून निरंजनबुवांचं तिकीट निघालेलं. खात्री करून घेणं भाग होतं. खात्री म्हणजे दत्तोपंतांच्या देवीचे पाय पाहणं; आत कृष्ण असला तर पायांवरूनच कळणार. आणि पाय लुगड्यात. आता मोठ्या भावाच्या घरी जाऊन, तुमच्या कुळदेवीचं लुगडं जरा वर करा, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? शास्त्रात याला वाक्य नाही.

तेलीबांध्याला चहा झाला, चिवडा झाला, गुडघेदुखी झाली.

“दादा, देवीचे पाय पाहू देता?”

“पाय पाहून काय करतो? नमस्कार कर.”

“नमस्कारासाठीच पाहून राहिलो.”

“गंग्या, तुले बरं नाही का?”

शेवटी त्यांनी सगळं सांगितलं. दत्तोपंत कपाळापर्यंत लाल झाले, पण बँकेचा माणूस, पडताळणीला नाही म्हणवेना. “शर्मिष्ठा! देवीचं लुगडं काढ!”

शर्मिष्ठावहिनी हात पुसत आल्या. “सासूबाईंनी शिकवलं तसं डोळे मिटून काढते. उघड्या डोळ्यानं पाहायचं नाही म्हणत.”

“आज उघडून काढ.”

लुगडं उतरलं. आत एक पाय दुसऱ्या पायापुढे आडवा टाकून, कमरेत लवून, दोन्ही हात एका बाजूला उचलून, साक्षात मुरलीधर उभा! मुरली कधीकाळी गळून गेलेली. तिच्या मुठीतल्या भोकात घरच्यांनी चांदीचा एवढासा त्रिशूळ खोचलेला. देहुडे चरण! जन्मभर कीर्तनात ऐकलेले, ते शेवटी दिसले कुठं, तर नऊवारीच्या निऱ्यांखाली.

“म्हणजे,” दत्तोपंत म्हणाले, “मी इतकी वर्षं नवरात्रात कोणाची ओटी भरून राहिलो?”

“तुम्ही कुठं? मी भरली,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही नुसती घंटी वाजवत होते.”

“तुमच्या सासूबाईले माहीत असंल काय?” गंगाधररावांनी हळूच विचारलं.

“डोळे मिटायला उगाच सांगते का कोणी, भाऊजी?”

दत्तोपंत उठून उभे राहिले. “एंट्री चुकली. चुकली तर दुरुस्त करायची. तुझी माझ्याकडे, माझा तुझ्याकडे. आजच!”

आणि काय बोलणार? नियम गंगाधररावांनाही प्यारे होतेच. संध्याकाळी त्यांनी वेताच्या टोपलीत मऊ पंचा अंथरला, आपल्या लोणी मागणाऱ्याला, म्हणजे देणारीला, त्यात निजवलं, टोपली स्कूटरवर पायांमध्ये धरली आणि निघाले. चौकात शिपायानं अडवलं. “हेलमेट कहाँ है, चाचा?” टोपली दोन्ही पायांत आवळून गंगाधरराव एवढंच म्हणाले, “बेटा, लेकरू ले जा रहा हूँ.” आवाजात असं काही होतं की शिपायानं टोपलीत न डोकावताच रस्ता दिला. यमुनेनं दिला होता तसा, असं पुढे ते सांगत. येताना त्याच टोपलीत मुरलीधर आला.

खरा कृष्ण घरी आला, पण घराला तो मानवेना. आधी अंगडंच होईना. उचललेल्या दोन हातांतून ते खाली उतरायलाच तयार नाही. पाळण्यात घालून पाहिला तर एक कोपर बाहेर, आणि चेहरा असा तरुण, मिस्कील, की त्याच्यापुढे अंगाई म्हणजे शुद्ध आगाऊपणा. एवढ्या मोठ्या पोट्ट्याला कोणी जोजवतं? गंगाधररावांनी तालीम म्हणून पाळण्याची पहिली ओळ उचलली, ती दुसऱ्या शब्दावर बसली. सकाळी पूजेत हात आपोआप गुळगुळीत गाल शोधू लागले आणि एका अनोळखी धारदार नाकावर अडले.

तेलीबांध्याला फोन गेला. “दादा, तिले सकाळी लोणी-साखर लागते.”

“म्हाळुंगवाल्या देवीला लोणी?”

“सवय आहे. आणि निजवताना टोपडं कानावरून घ्या. ए.सी. आहे तुमच्याकडे.”

मग दत्तोपंत म्हणाले, “बरं. आमच्या त्याले शुक्रवारी हळदकुंकू चुकवू नको. अन् गजरा आबोलीचाच.”

पाऱ्यात सल्ल्यांचा पूर आला. नत्थूभैयाचं म्हणणं, आता दोन मूर्ती म्हणजे दोन फॉर्म. कोणी म्हणालं बाजारातून नवा रांगता बाळकृष्ण आणा. कोणी म्हणालं प्रायश्चित्त घ्या, इतकी वर्षं देवीला अंगडं घातलं ते काय फुकट जाईल? या शेवटच्या माणसाला मीराबाईंनी चहा विचारला नाही. गंगाधररावांचं एकच दुखणं होतं : त्यांनी जन्मभर म्हटलेला पाळणा कोणाला पोचला? कृष्ण तर तेलीबांध्याला लुगडं नेसून उभा होता. मग हा सगळा गोडवा चुकीच्या पत्त्यावर गेला काय? ते आता पाळणा म्हणणार नव्हते. निरंजनबुवांनाच म्हणायला सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

अष्टमीला अंगणभर माणसं बसली. निरंजनबुवा पूर्वरंग आटोपून जन्माख्यानाला आले. पहिल्या रांगेकडे त्यांनी दोनदा चोरून पाहिलं. बंदिशाळेच्या बेड्या तुटल्या, तरी हुंदका नाही. बुवा धास्तावले. वसुदेव टोपली घेऊन निघाले, पाणी चढलं, उतरलं, गोकुळ आलं. पहिली रांग कोरडी.

“आणि मग,” बुवांनी नेहमीप्रमाणे चिपळ्यांच्या एका झटक्यात सांगून टाकलं, “बाळाला यशोदेच्या कुशीत ठेवलं, तिची मुलगी उचलली, मथुरेला आणली. तर इकडे गोकुळात काय आनंदीआनंद—”

“थांबा बुवा!”

गंगाधरराव उभे होते. भर कीर्तनात उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? तबला चुकला, पेटीवाल्याचा भाता तसाच हातात राहिला.

“ती पोरगी,” गंगाधरराव म्हणाले, “तीही अष्टमीचीच ना?”

“अर्थात. योगमाया. साक्षात देवी.”

“कृष्णासाठी बदलली गेली.”

“हो.”

“मग तिचा पाळणा? गोकुळात पाळणा झाला तो कृष्णाचा. तिले मथुरेत नेऊन कंसाच्या हातात दिली. बुवा, मी लहानपणापासून हे आख्यान ऐकून राहिलो, दरवर्षी त्या पोट्ट्यासाठी रडलो. त्या पोट्टीचा पाळणा कोणी म्हटला?”

निरंजनबुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या, आणि त्यांचेच डोळे भरले. या वेळी हुंदका गादीवरून आला.

“आमच्या घरानं म्हटला, बुवा,” गंगाधरराव म्हणाले. “चुकून म्हटला, पण पिढ्यान् पिढ्या म्हटला. पत्ता चुकला नव्हता.” आणि वळून, कोणाला विचारतो आहोत हेही ध्यानात न येता म्हणाले, “मी तिले आणतो. स्कूटरची किल्ली कुठं आहे?”

“किल्ली राहू दे,” मागच्या भिंतीकडून आवाज आला.

तिथं शर्मिष्ठावहिनींना पुढे घालून दत्तोपंत बसले होते. जन्मात पहिल्यांदा अष्टमीला आले होते, आल्यापासून मांडीवर एक पिशवी धरून बसले होते, आणि कोणी ठेवायला मागितली तरी देत नव्हते. पिशवीतून पंच्याचं टोक दिसत होतं.

“राहत नाही ती आमच्याकडं,” दत्तोपंत कोणाकडेही न पाहता म्हणाले. “म्हणजे तिचं काही नाही, तिनं काही तक्रार केली नाही. शर्मिष्ठेलेच त्याच्याशिवाय करमत नाही. लुगडं धुऊन इस्त्री करून ठेवलं आहे.”

“मलेच नाही,” वहिनी म्हणाल्या. “रात्री उठून टोपडं कोण सारखं करत होतं?”

मग काय विचारता! पिशवी उघडली, पाळणा सजला. देवी पाळण्यात विराजमान झाली, एक पाय मुडपून, सुखानं. मुरलीधराला पाळण्याशेजारी चौरंगावर उभं केलं. दोरी कुठं बांधायची म्हणून इरावती जागा शोधत होती, आणि तिला ती सापडली. दत्तोपंतांचा त्रिशूळ तिनं अलगद काढला आणि मुरलीच्या रिकाम्या भोकातून पाळण्याची दोरी ओवली. ती अशी बेताची बसली, की जणू भाऊ तेवढ्यासाठीच हात एका बाजूला उचलून उभा होता. गंगाधररावांनी डोळे मिटले आणि पाळणा उचलला. बुवांनी त्यांच्यामागे नुसती झांज धरली. कडेवरची पोरं झोपली. नत्थूभैयाही झोपला, पण तो रोजच झोपतो.

तेव्हापासून देवी ब्राह्मणपाऱ्यात आणि मुरलीधर तेलीबांध्याला. नवरात्रात तो लुगडं नेसतो, कारण शर्मिष्ठावहिनींचं म्हणणं, आमच्या घरचा आहे, आम्ही नेसवू, आणि त्यानंही आजवर नाही म्हटलेलं नाही. अष्टमीला मात्र तो टोपलीतून येतो, दोरी धरायला. कचेरीतल्या भल्या साहेबांनी दोन्ही मूर्ती रीतसर लिहून घेतल्या. स्मरणिकेतल्या त्या अर्ध्या पानावर शेवटी नत्थूभैयाच्या दुकानाची जाहिरात गेली.

पण त्या अष्टमीची एक गोष्ट राहिली. कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी गोपाळकाला झाला, आणि देवीला निजवताना गंगाधरराव अंगडं हातात घेऊन घुटमळले. “आता हे कसं घालायचं?” ते म्हणाले. “मुलीचं काही शिवावं लागंल.”

मीराबाई आत गेल्या, आपल्या माहेरच्या ट्रंकेतून तळची एक पुरचुंडी घेऊन आल्या. आत वीतभर देवाच्या मापाचं परकर-पोलकं होतं. हिरव्या खणाचं, काठ विटलेला, घड्या जुन्या.

“हे केव्हा शिवलं?”

“लग्नाच्या वर्षी. दिवाळीत देव घासायला पहिल्यांदा माझ्याकडे दिले तेव्हा.”

गंगाधररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “अन् इतकी वर्षं बोलली काहून नाही?”

“तुम्ही डोळे मिटून पाळणा म्हणून राहिले होते,” मीराबाई परकराची नाडी बांधत म्हणाल्या. “ती झोपत होती. झोपलेल्या लेकराचे कपडे बदलते का कोणी?”